पुण्यात अनंत फुलवायला मला तीन वर्षं लागली

सावंतवाडीच्या मावशीकडे अनंताचं मोठं झुडूप आहे, तिने पावसाळ्यात गुटी बांधून मला एक रोप करून दिलं. मी ते पुण्यात आणून बाल्कनीतल्या कुंडीत लावलं, इथलीच काळी माती, पाणी सोसायटीच्या बोअरचं. दोन महिन्यांत कोवळी पानं पिवळी पडायला लागली, पण शिरा मात्र हिरव्यागार, म्हणजे पानावर कोणी हिरव्या पेनाने नकाशा काढावा तसं. नर्सरीवाला म्हणाला खत कमी पडतंय, डीएपी घाला. घातलं, तर अजूनच पिवळं!

मग नीट वाचायला बसले तेव्हा कळलं की ही लोहाची कमतरता आणि गंमत म्हणजे लोह मातीत असतंच, फक्त माती चुनखडीची असली की झाडाला ते उचलता येत नाही. अनंताला आंबट माती लागते, म्हणजे पीएच (मातीचा आंबटपणा सांगणारा आकडा, जितका कमी तितकी माती आंबट) 5 ते 6, कोकणातल्या जांभ्याच्या लाल मातीत ते आपसूक मिळतं. माझ्या कुंडीतल्या मातीला पट्टी लावली तर 8. आणि वर मी रोज बादलीत पांढरा थर धरणारं ते बोअरचं पाणी ओतत होते, म्हणजे सगळं माझंच कर्तृत्व. (जाता जाता, अनंताचं इंग्रजी नाव गार्डेनिया, ते बागेवरून नाही बरं का, अलेक्झांडर गार्डन नावाच्या डॉक्टरवरून पडलंय.)

आधी हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, घालून पाहिलं, पंधरा दिवस बरं वाटलं की परत तेच, कारण चुनखडीत तेही लगेच अडकतं. शेवटी मातीच बदलली, कोकोपीट, पानांचं खत आणि मावशीकडून पिशवीभर लाल माती. लिटरला अर्धा ग्रॅम चिलेटेड आयर्नची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) फवारणी, पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवून तेच द्यायचं. मध्ये पिठ्या ढेकूण झाले, ते निंबोळी तेलाने गेले.

दुसऱ्या वर्षी अकरा कळ्या आल्या, हिरव्या, पीळ दिलेल्या, आणि एप्रिलच्या कोरड्या उन्हात एकेक करून सगळ्या गळल्या, मी दोन दिवस गावाला गेले होते आणि कुंडी खडखडीत वाळली होती.

यंदा जूनमध्ये एक टिकली. रात्री अकराला वास आला म्हणून बाल्कनीत गेले तर उमललेलं, पांढरंशुभ्र. लगेच मावशीला फोटो पाठवला, तिसऱ्या दिवशी फूल पिवळट झाल्यावर तिचा फोन आला, "एकच? हयसर झाडाखाली पाय ठेवूक जागा नाय."