चराईबंदी आणि जुळी कोकरे

चराईबंदीचा ठराव ज्या ग्रामसभेत झाला, त्या सभेचे टिपण मी लिहिले होते आणि माझ्या जुन्या वहीत 'ठराव एकमताने मंजूर' ही ओळ आजही वाचता येते. ती ओळ खोटी नाही. फक्त सभा माघात भरली होती आणि गावातली धनगरांची घरे दिवाळीनंतरच मेंढरे घेऊन घाट उतरून कोकणात गेलेली होती. ज्यांची चराई बंद होणार होती, ते सोडून उरलेल्यांचे एकमत झाले होते.

गाव माण तालुक्यातले आणि प्रकल्प पाणलोटाचा, परदेशी निधीवर चाललेला. सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि दुसऱ्या टोकाला माण-फलटणच्या माळांवर त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका पडला तरी लोक वर्ष बरे गेले म्हणतात, तेव्हा तिथे पाणलोटाचे काम करण्याची गरज कोणी पटवून द्यावी लागत नाही. महाराष्ट्रात या कामाला शिस्त लावण्यात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाचा वाटा मोठा आहे. फादर हरमन बाखर या अहमदनगर भागात आयुष्य घालवलेल्या स्विस धर्मगुरूंच्या पुढाकारातून तो उभा राहिला, जर्मनीचा पैसा केएफडब्ल्यू या बँकेमार्फत आला आणि इथली व्यवस्था नाबार्ड या शेती व ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने पाहिली. काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचे, आधी डोंगरावर सलग समपातळी चर, म्हणजे उताराला आडवे एकाच पातळीत खणलेले चर, आणि मग खाली नाला बांध, आणि गावाने श्रमदान, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळायची, अशी ती रीत. पुढे अनेक प्रकल्पांनी तीच उचलली. गवत वाढते, माती थांबते, विहिरींना पाणी टिकते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मात्र विहिरीचे पाणी विहीर असलेल्याला मिळते आणि बंद झालेला डोंगर जमीन नसलेल्याच्या वाट्याला येतो. आमच्या अहवालात 'नैसर्गिक संसाधने' आणि 'उपजीविका' अशी दोन वेगळी प्रकरणे असत. ती एकमेकांत गुंतली आहेत, हे वर्षांमागून वर्षे अहवाल लिहूनही माझ्या ध्यानात आले नव्हते.

ते आले फलटणला. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे 'नारी'त, दख्खनी मेंढीवर चाललेले काम मी पहिल्यांदा पाहिले ते केवळ कुतूहलापोटी. आपली दख्खनी मेंढी काटक असली तरी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. लोकरीला भाव उरलेला नाही, त्यामुळे मेंढपाळाचा संसार चालतो तो लोणंदच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या कोकरांवर. बंगालच्या सुंदरबनातली गॅरोल मेंढी याच्या नेमकी उलट आहे. जेमतेम १०-१५ किलोची, गुडघाभर चिखलात चरणारी, पण जुळी-तिळी सहज देणारी. तिच्या अंगी फेक-बी नावाचे एक जनुक आहे, त्यामुळेच तिला एका वेताला जास्त कोकरे होतात. या जनुकाचा प्रवास मला एखाद्या कहाणीसारखा वाटतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालच्या मेंढ्या जहाजातून ऑस्ट्रेलियात गेल्या, तिथल्या बुरूला मेरिनो मेंढीत हे जनुक त्यांच्याकडूनच आले असावे असे मानतात, आणि त्या बुरूला मेंढीमुळेच जगाला त्याचा पत्ता लागला. दोनशे वर्षांनी ऑस्ट्रेलियन सरकारच्या 'एसीआयएआर' या संस्थेने पैसा आणि शास्त्रज्ञ दिले, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने साथ दिली आणि बंगालचे जनुक फलटणच्या कळपात आले. परदेशी मदत म्हणून आपल्याकडे आलेली वस्तू मुळात आपलीच होती.

गॅरोलचे जनुक हवे होते, अंगकाठी नको होती. म्हणून संकरित संततीचा पुन्हा पुन्हा दख्खनीशी संकर करायचा आणि प्रत्येक पिढीत रक्त तपासून जनुक असलेलीच जनावरे पुढे ठेवायची, असे किचकट काम वर्षानुवर्षे चालले. त्यातून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार झाली. जनुकाची एक प्रत, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडूनच आलेली, असलेल्या मेंढीला दर वेताला मिळणारी जिवंत कोकरे संस्थेच्या कळपात सरासरी एकावरून दीडच्या जवळपास गेली, मेंढपाळांच्या कळपांत त्याहून थोडी कमी. तीन वर्षांत गाशा गुंडाळणाऱ्या प्रकल्पांत मी काम केले आहे. त्या मुदतीत मेंढीच्या फारतर दोन पिढ्या होतात, आणि हा हिशेब निधी देणाऱ्याच्या टेबलावर कधी मांडला जात नाही.

मेंढपाळांनी मात्र जुळ्यांचे स्वागत केले असे कोणी समजू नये. आमच्या गावच्या एका म्हाताऱ्या मामांना मी हे उत्साहाने सांगितले, तेव्हा त्यांनी आधी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "जुळं झालं म्हंजी दूध कुणाचं पाजायचं? आन् वाटंनं दोन-दोन कोकरं उचलून कोण चालणार, तुमी?" प्रश्न बिनतोड होता. आईला पुरेसा चारा नसेल तर दुसरे कोकरू हातचे जाते, आणि जनुकाच्या दोन प्रती आल्या की तिळी होऊन हाल वाढतात. म्हणून मेंढपाळांच्या कळपात एकच प्रत असलेल्या मेंढ्या बऱ्या, शिवाय विण्याच्या दिवसांत खुराक आणि औषधपाणी सांभाळायला हवे, या निष्कर्षावर शास्त्रज्ञही आले. मामांना जे अनुभवाने ठाऊक होते, ते कागदावर यायला काही हंगाम लागले, एवढेच.

मला या कामात रस होता तो डोंगरासाठी. तेवढ्याच कोकरांना कमी मेंढ्या पुरल्या तर माळावरचा भार हलका होईल, चराईबंदीचा वाद निम्मा मिटेल आणि माझी दोन प्रकरणे एका प्रकरणात बसतील, असे माझे गणित होते. पुढे मामांच्या धाकट्या मुलाने एक तपासलेला एडका कळपात घातला आणि काही वर्षांनी त्यांच्या वाड्यावर डालग्याखाली जुळी दिसू लागली. मी लगेच विचारले, की मग आता साठाऐवजी चाळीसच मेंढ्या ठेवल्या तर?

मामा हसले. "दुस्काळात वीस मेल्या, तर साठातल्या चाळीस ऱ्हात्यात. चाळिसातल्या किती ऱ्हात्यात, ते तुमीच लिवा वहीत."