तुम्ही विचारलंत म्हणून: पेंडुलम समन एका वाक्यात

“पेंडुलम समन एका वाक्यात सांग ना.” यू-गी-ओ हा मॉन्स्टरच्या कार्डांचा खेळ खेळणारं कोणीही भेटलं की हा प्रश्न ठरलेला. समन म्हणजे मॉन्स्टर मैदानात उतरवणं, आणि त्याच्या बाकीच्या पद्धती लोकांना जमतात: फ्युजन येतं, सिंक्रो येतं, एक्सीझवर हात बसलेला असतो, लिंक कार्डांवरचे बाणही पाठ असतात. पेंडुलमपाशी आले की मात्र चांगले मुरलेले खेळाडूही हात टेकतात आणि माझ्याकडे वळतात, कारण आमच्या गटात पेंडुलमचा डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा, मी खेळते. आजवर मी तोंडी काहीतरी सांगून वेळ निभावली. ज्यांना सांगितलं ते पुढच्या महिन्यात तोच प्रश्न घेऊन परत आले. म्हणून एकदाच लिहून टाकते.

एक वाक्य हवं ना? हे घ्या. दोन्ही टोकांच्या पेंडुलम झोनमध्ये एकेक पेंडुलम कार्ड ठेवायचं, आणि टर्नमध्ये एकदा, त्या दोन स्केलच्या मधल्या लेव्हलचे हवे तेवढे मॉन्स्टर हातातून आणि एक्स्ट्रा डेकमध्ये उघडे असलेले पेंडुलम मॉन्स्टर एकाच वेळी उतरवायचे. स्केल म्हणजे पेंडुलम कार्डावरचा आकडा, लेव्हल म्हणजे मॉन्स्टरची पातळी, आणि एक्स्ट्रा डेक म्हणजे मुख्य डेकपासून वेगळा ठेवलेला गठ्ठा. २०१४ मध्ये हा प्रकार आला तेव्हापासूनची जोडी बघा: स्टारगेझर मॅजिशियनचा स्केल १, टाइमगेझर मॅजिशियनचा ८. मधले म्हणजे २ ते ७. लेव्हल १ चा येत नाही, ८ चाही येत नाही. एक्सीझ आणि लिंकना लेव्हलच नसते, त्यामुळे त्यांचा प्रश्न मिटला. एक्स्ट्रा डेकमध्ये पालथी असलेली कार्डंही अशी येत नाहीत.

एवढं कळलं की लोक मान डोलावतात आणि म्हणतात, “अरे, सोपं आहे की!” तिथेच माझा जीव वर-खाली होतो. या वाक्यात मॉन्स्टर येतात कसे ते आहे. ते जातात कुठे, याबद्दल त्यात एक अक्षर नाही, आणि अवघड सगळं तिथे आहे.

मी सुद्धा एकेकाळी हे झटकून टाकलं होतं. सुरुवातीच्या दिवसांत मी ज्याला त्याला सांगत असे की हा नियम नाही, हा हावरटपणा आहे. दोन कार्डं टेकवायची आणि दर टर्नला फौज उतरवायची. मेलेले मॉन्स्टर ग्रेव्हयार्डऐवजी, म्हणजे बाद कार्डांच्या ढिगाऐवजी, एक्स्ट्रा डेकमध्ये जाऊन बसतात आणि पुढच्या टर्नला परत हजर. ट्रिब्यूट, म्हणजे आपल्याच मॉन्स्टरचा बळी, देऊन मोठा मॉन्स्टर आणण्यात जी किंमत मोजावी लागे ती कुठे गेली? तेव्हाच्या माझ्याशी आज बोलायला मिळालं तर मी तिला म्हणेन: बाई, किंमत आहे. हातातली दोन कार्डं स्केल म्हणून खर्ची पडतात, ती मैदानात येऊन लढत नाहीत. समोरच्याने त्यातलं एक उडवलं की दुसरं नुसतं बसून राहतं. यावर ती म्हणेल की तरीही पाच मॉन्स्टर फुकटात आले ना. आणि मला याचं चोख उत्तर अजून सापडलेलं नाही.

आता तो प्रसंग. काहींनी माझ्याकडून ऐकला आहे, काहींनी दुसऱ्यांकडून, आणि दुसऱ्यांकडून ऐकलेला जरा तिखट-मीठ लावून आहे. म्हणून जसा घडला तसा सांगते.

छोटी स्पर्धा होती, ओळखीचे-अनोळखी मिळून रविवारी जमतात तशी. समोर एक शाळकरी मुलगा. जानेवारी २०२२ मध्ये मास्टर ड्युएल ही या खेळाची डिजिटल आवृत्ती आल्यावर फोनवर खेळायला शिकलेल्या पिढीतला. हातात खरी कार्डं नवी कोरी, प्रत्येक कार्ड स्लीव्हमध्ये. खेळत छान होता. खाली दोन बाण असलेला लिंक मॉन्स्टर त्याने एक्स्ट्रा मॉन्स्टर झोनमध्ये (एक्स्ट्रा डेकमधून येणाऱ्यांसाठीच्या जागेत) आणला, दोन्ही स्केल लावले, आणि पेंडुलम समन जाहीर केला. हातातून दोन, एक्स्ट्रा डेकमधून दोन, ते दोन बरोबर बाणांखालच्या झोनमध्ये (तिथेच का, ते शेवटी सांगते). मांडणी अचूक होती. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मला ओळखीचा होता, कारण चार मॉन्स्टर एकदम उतरवताना मलाही तसंच होतं.

माझ्यापुढे दोन ट्रॅप, म्हणजे समोरच्याच्या चालीवर उघडायची कार्डं, पालथे होते: टोरेन्शियल ट्रिब्यूट आणि सॉलेम स्ट्राइक. लाइफ पॉइंट, जे संपले की हार, उरले होते २६००.

हे दोन ट्रॅप वरवर एकच काम करतात, समोरचे मॉन्स्टर घालवतात. पण टोरेन्शियल उघडायचा तो समन पूर्ण झाल्यावर. मॉन्स्टर मैदानात आले, मग सगळे फुटले. मैदानातून फुटले म्हणून पेंडुलम मॉन्स्टर ग्रेव्हयार्डमध्ये न जाता उघडे एक्स्ट्रा डेकमध्ये जातात. शिवाय माझाही एकमेव मॉन्स्टर त्यात जातो. त्याचा लिंक गेला असता हे खरं, पण पुढच्या टर्नला निदान एक मॉन्स्टर एक्स्ट्रा मॉन्स्टर झोनमध्ये परत आला असता आणि त्यातून तो पुन्हा उभा राहिला असता. स्ट्राइकचं तसं नाही. १५०० लाइफ पॉइंट भरायचे आणि समन होता होताच अडवायचा. नवरीने अजून माप ओलांडलेलं नसतं, त्या क्षणात. मॉन्स्टर हातातून सुटलेले असतात, एक्स्ट्रा डेकमधून निघालेले असतात, पण मैदानात आलेले नसतात. अडवले गेले की ते नष्ट होतात, आणि मैदानात नव्हतेच म्हणून एक्स्ट्रा डेकची सवलत त्यांना लागू होत नाही. चारही थेट ग्रेव्हयार्डमध्ये.

मी स्ट्राइक उघडला. त्याने शांतपणे मान हलवली, चारही कार्डं उचलली आणि उघडी करून एक्स्ट्रा डेकवर ठेवली.

मी म्हणाले, “अरे, ग्रेव्हयार्डमध्ये.”

“नाही ताई, पेंडुलम आहेत. एक्स्ट्रा डेकमध्येच जातात ना?”

आम्ही संयोजकाला बोलावलं. त्याने कार्डं पाहिली आणि निकाल मुलाच्या बाजूने दिला: पेंडुलम मॉन्स्टर नष्ट झाला की एक्स्ट्रा डेक. मी हरकत घेतली. फोनवर नियमपुस्तिका उघडली, मैदानातून ग्रेव्हयार्डमध्ये जाणाऱ्या कार्डांसाठीच ती सवलत आहे हे दाखवलं, स्ट्राइक कधी उघडतो ते दाखवलं. आजूबाजूचे दोन डाव थांबले. एकजण म्हणाला, “जाऊ दे ना, लहान आहे.” मी जाऊ दिलं नाही. बऱ्याच चर्चेनंतर निकाल फिरला.

मुलाने कार्डं ग्रेव्हयार्डमध्ये ठेवली आणि मला विचारलं, “मग ती होती कुठे? हातात नव्हती, मैदानात नव्हती, डेकमध्ये नव्हती.”

इतकी वर्षं लोक मला पेंडुलमबद्दल विचारत आले, पण इतका नेमका प्रश्न त्याआधी कोणी विचारला नव्हता. मी म्हणाले, “कुठेच नाही.” त्याला वाटलं मी टोलवतेय. मी टोलवत नव्हते. नियमात त्या क्षणाला जागाच नाही.

पुढच्या दोन टर्नमध्ये तो हरला. पुढच्या वेळी आला तो सिंक्रोचा डेक घेऊन, आणि त्यानंतर त्याच्यापुढे पेंडुलमचं कार्ड मला दिसलेलं नाही.

यावर मला जे ऐकवलं जातं ते मला पाठ आहे. एवढं ताणायची काय गरज होती. एक डाव सोडला असतास तर एक खेळाडू टिकला असता. माझं म्हणणं असं: त्या दोन ट्रॅपमधून मी स्ट्राइक निवडला तो याच फरकासाठी. २६०० मधले १५०० भरून ११०० वर आले ते याच फरकासाठी. कार्डं एक्स्ट्रा डेकमध्येच जाणार असतील तर मी काय विकत घेतलं? आणि तो मुलगा चुकीचं शिकून गेला असता तर दुसऱ्या कुठल्या टेबलावर, याहून मोठ्या गर्दीत, हेच घडलं असतं.

हे सगळं मला पटतं. मला जिंकायचंही होतं, हेही तितकंच खरं आहे. संयोजकापुढे बोलताना माझा आवाज चढला तो मुलाच्या शिक्षणासाठी नव्हता. मात्र जिंकायची इच्छा होती म्हणून नियम खोटा ठरत नाही. ‘लहान आहे, जाऊ दे’ म्हणणाऱ्याने त्या मुलाचा प्रश्न ऐकला होता का, हे मला कधीतरी त्याला विचारायचं आहे. मोठ्यांपैकी कोणालाही तो प्रश्न पडला नव्हता.

मास्टर ड्युएलवर खेळून आलेल्यांना मी दोष देत नाही. तिथे कार्ड आपोआप जिथे जायचं तिथे जातं. स्क्रीनवर काहीतरी चमकतं, कार्डं नाहीशी होतात, आणि आपण पुढच्या चालीचा विचार करत असतो. टेबलावर मात्र कार्ड आपल्या हाताने उचलून ठेवावं लागतं, आणि ठेवायचं कुठे ते माहीत असावं लागतं.

राहता राहिली मैदानाची गोष्ट. २०१७ मध्ये लिंक आले तेव्हा एक्स्ट्रा डेकमधून येणाऱ्या सगळ्यांवरच बंधन आलं: एक्स्ट्रा मॉन्स्टर झोन, नाहीतर लिंकच्या बाणाखालची जागा. पेंडुलमचे वेगळे झोनही गेले, ते स्पेल-ट्रॅपच्या रांगेत दोन टोकांना सामावले. एप्रिल २०२० मध्ये फ्युजन, सिंक्रो आणि एक्सीझ या बंधनातून सुटले. एक्स्ट्रा डेकमधून येणारे पेंडुलम सुटले नाहीत. हातातून येणारे कुठेही उतरू शकतात, पण परत येणाऱ्यांना बाण लागतो. म्हणूनच त्या मुलाने आधी लिंक आणला होता. एका वाक्याच्या उत्तरात हेही बसत नाही.

२०१४ ची मी या बंधनावर खूश झाली असती. तिला हेच हवं होतं: परत येण्याला किंमत. आजच्या मला हा दुजाभाव वाटतो. इतरांना दार उघडं आणि आम्हाला चिठ्ठी दाखवायला लावायची, हे कशासाठी? कधी वाटतं, सहा-सात मॉन्स्टर एक्स्ट्रा डेकमध्ये साठवून बसलेला माझा डेक बघता बंधन रास्त आहे. मग एखाद्या डावात लिंक फुटतो, साठवलेले सगळे नुसते बघत बसतात, आणि माझं मत पुन्हा फिरतं. यावर माझ्याकडून ठाम उत्तराची अपेक्षा करू नका.

आणि एका वाक्यात विचारूही नका. डेक घेऊन या. पहिल्या काही समनना मी काहीच उघडणार नाही. नंतर कधी टोरेन्शियल उघडेन, कधी स्ट्राइक, आणि कार्डं कुठे ठेवायची ते तुम्ही मला सांगायचं.