गिझरच्या आतला रॉड शिल्लक आहे का बघा

आमच्याकडे कॉर्पोरेशनचं पाणी थोडं, बाकी सगळं बोअर आणि टँकरवर, त्यामुळे नळाच्या तोटीवर पांढरा थर, बादलीला पांढरा थर, आणि हेच पाणी रोज तापून गिझरच्या आत काय करत असेल ते कोणी बघत नाही कारण ते दिसतच नाही ना. खंडेनवमीला गाडीला हार, मिक्सरलासुद्धा हळदकुंकू, गिझर मात्र तसाच लटकलेला. मी म्हणते तोच मुहूर्त धरा आणि गिझर उघडून घ्या, नाहीतर ऐन दिवाळीत पाहुणे असताना बंद पडतो आणि तेव्हा मेकॅनिक फोन उचलत नाही.

सर्व्हिसवाला येतो, कॉइल खरवडतो, पैसे घेतो, जातो. रॉडचं नावही काढत नाही. बहुतेक गिझरच्या टाकीत मॅग्नेशियमचा एक रॉड असतो, बऱ्याचदा कॉइलच्याच प्लेटवर बसवलेला, तो टाकीच्या पत्र्याऐवजी स्वतः झिजतो म्हणजे टाकी गंजत नाही, एवढंच त्याचं काम. क्षाराच्या पाण्यात तो लवकर संपतो आणि नुसती तार उरली की पुढची पाळी टाकीची. कॉइल, थर्मोस्टॅट सगळं बदलून मिळतं पण टाकी गळायला लागली की गिझरच नवा घ्यावा लागतो, आणि रॉड त्यामानाने किरकोळ किमतीत येतो. म्हणून प्लेट खाली आली की समोर उभं राहून रॉड बघायचाच. टाकीतला गाळही काढायला लावा आणि गॅस्केट, म्हणजे प्लेटचं रबरी वायसर, नवीनच टाका, जुनं परत बसवलं की थेंब थेंब गळतं.

कॉइलवरच्या क्षाराच्या थरामुळे लाइट बिल डबल होतं असं सगळे सांगतात, मला ते फारसं पटत नाही. २००० वॅटची कॉइल २००० वॅटच घेणार आणि ती उष्णता शेवटी पाण्यातच जाणार, १५ लिटर पाणी २५ डिग्रीवरून ६० वर न्यायला साधारण १८-२० मिनिटं. खरा घोळ हा की थराखाली कॉइल स्वतःच जास्त तापते आणि एक दिवस फुटते, मग करंट पाण्यात, म्हणून अर्थिंग धड आहे का ते आधी तपासा. थर सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात भिजवून निघतो, हातोडी-स्क्रूड्रायव्हरने ठोकायचं नाही. थर्मोस्टॅट ५५-६० वर ठेवला तर थर बसतोही कमी.

स्वतः उघडणार असाल तर नुसतं बटण नाही, एमसीबी पाडा, पाणी थंड होऊ द्या आणि परत चालू करताना गरम पाण्याच्या नळातून सलग धार आल्याशिवाय स्विच दाबू नका, कोरडी कॉइल लगेच जळते.

आणि तो सेफ्टी व्हॉल्व्ह. गिझर तापताना त्यातून थेंब पडतात आणि लोक प्लंबरला बोलावून तिथे चक्क डमी, म्हणजे बूच ठोकतात! अहो पाणी तापलं की फुगतं, २५ लिटरचं पाव लिटरच्या वर जास्त होतं, ते जाणार कुठे? बारीक पाइप लावून ते थेंब जाळीपाशी सोडा, आणि बंद असतानाही धार लागली असेल तर व्हॉल्व्ह बदला, तोंड बंद करू नका.