लिफाफ्यातली मतपत्रिका

कॅलिफोर्नियातील आमच्या घरी गेल्या महिन्यात आलेला लिफाफा जाहिरात समजून मी रद्दीत टाकणार होते, तोच त्यावरील ठळक अक्षरांकडे लक्ष गेले: आत अधिकृत मतपत्रिका आहे. ही सूचना किमान 16 पॉइंटच्या ठळक टाइपात छापणे कायद्यानेच बंधनकारक आहे.

1996 साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव 218 नुसार, उद्याने किंवा पथदिव्यांसारख्या सुविधांसाठी एखाद्या क्षेत्रातील मालमत्तांवर विशेष आकारणी बसवायची असेल, तर प्रत्येक नोंदणीकृत मालकाला, आकारणीच्या बाजूने किंवा विरोधात मत देण्याच्या मतपत्रिकेसह, टपालाने नोटीस द्यावी लागते. तिच्यात संपूर्ण क्षेत्राची एकूण रक्कम, आपल्या मालमत्तेचा वाटा, मुदत, कारण, हिशेबाचा आधार आणि जाहीर सुनावणीची तारीख, वेळ व जागा नमूद करावी लागते. नोटीस टपालात पडल्यापासून सुनावणीपर्यंत किमान 45 दिवस जावे लागतात.

मतांचे वजन ज्याच्या-त्याच्या प्रस्तावित आकारणीच्या प्रमाणात ठरते आणि परत आलेल्याच मतपत्रिका मोजल्या जातात, त्यामुळे घरात पडून राहिलेला कागद विरोध ठरत नाही, ही बाब मला सर्वांत गंभीर वाटते. म्हणूनच आमच्या गल्लीतील प्रत्येक मराठी घरी मी स्वतः जाऊन, सुनावणी संपण्याआधी मतपत्रिका पोहोचवा, असे सांगून आले.