जननदर, शाळा आणि रोजगार

आज दिवसभर जननदराचे, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी किती मुलं होतात याचे, तक्ते चाळले. ‘मुली शिकल्या की मुलं कमी होतात’ एवढ्यावरच थांबणं मला पटत नाही. परिणाम दोन्हीकडून होतो. माध्यमिक शाळेमुळे लग्न आणि पहिलं बाळंतपण लांबतं. मुलं कमी झाली की प्रत्येकाच्या शिक्षणाला जास्त पैसा उरतो. दक्षिण कोरियात १९६० च्या सुमारास एका स्त्रीमागे साधारण ६ मुलं होती, २०२३ मध्ये ०.७२. मधल्या दशकांत कमावते जास्त, अवलंबून असणारे कमी. पण त्या हातांना कारखान्यांत काम मिळालं, म्हणून उत्पन्न वाढलं. रोजगारच नसेल तर ही संधी वाया जाते, आणि ती पुन्हा येत नाही!

शिवाय जननदर २.१ च्या (नवी पिढी आधीच्या पिढीएवढीच राहायला साधारण एवढा लागतो) खाली गेला तरी लोकसंख्या लगेच घटत नाही. आधीच्या मोठ्या पिढ्या अजून आईबाप होण्याच्या वयात असतात.