तांब्याचा वॉकमन आणि ४.४ मिमीचा जॅक

सोनीचा एनडब्ल्यू-डब्ल्यूएम१झेड हा गाणी ऐकायचा वॉकमन २०१६ मध्ये आला. चौकट ऑक्सिजनमुक्त तांब्याच्या ठोकळ्यातून कोरलेली. तांबं काळवंडू नये म्हणून वर सोन्याचा मुलामा. ग्राउंडचा, म्हणजे सिग्नलच्या परतीच्या समाईक वाटेचा, रोध कमीत कमी राहावा, हा तांब्यामागचा हेतू. त्यापायी वजन ४५५ ग्रॅम, म्हणजे शर्टाच्या खिशात ठेवायची ही वस्तूच नाही.

जपायचं ते ४.४ मिमीच्या बॅलन्स्ड जॅकला. इथे डाव्या-उजव्या कानाच्या ऋण तारा वेगळ्या असतात आणि अँप्लिफायर त्यांवरही सिग्नल सोडतो. ३.५ मिमीचा साधा हेडफोन अडॅप्टर लावून इथे घातलात, तर या दोन तारा एकमेकींना जोडल्या जातात, आउटपुट शॉर्ट होतं आणि अँप्लिफायर जळू शकतो. असला अडॅप्टर विकत घेऊच नका, साध्या हेडफोनला शेजारी ३.५ मिमीचा जॅक आहेच! उलट प्रकार, म्हणजे बॅलन्स्ड वायर अडॅप्टरने ३.५ मिमीत लावणं, बिनधोक.

संवेदनशील इअरफोनमध्ये शांत जागी बारीक सूंऽऽ ऐकू आलं, तर गेन (सिग्नल किती वाढवायचा याची सेटिंग) 'हाय'वरून 'नॉर्मल'वर आणा.

जागेचा हिशेब: २४ बिट, ९६ किलोहर्ट्झचं स्टीरिओ वेव्ह (न दाबलेली ध्वनिफाइल) मिनिटाला साधारण ३५ एमबी खातं. तीच फाइल दाबून फ्लॅक प्रकारात करा, आवाजातला एक कणही न गमावता बरीच जागा वाचते.