तुम्ही विचारलंत म्हणून: रोज बायबल वाचूनही राग येतोच कसा?

शेजारच्या वहिनींचा प्रश्न ठरलेला आहे. नळाला पाणी आलं, मोटर लावण्यावरून माझी कुणाशी जुंपली, की संध्याकाळी त्या हसत विचारणारच, "काय ओ सिस्टर, रोज पहाटे उठून बायबल वाचताय, मग एवढा राग येतोय कसा तुम्हाला?" त्या स्वतः गुरुचरित्राचं पारायण करतात. सात दिवसांत पोथी पूर्ण होते. माझं वाचन काही संपत नाही आणि स्वभावही जागचा हलत नाही, याचं त्यांना नवल वाटतं. चर्चमधली तरुण मुलंही हेच विचारतात, फक्त जरा आडून.

राग येतो, हो. आणि त्याचं उत्तर द्यायचं तर मला एलीयाकडे जावं लागतं.

एलीया म्हणजे बायबलमधला इस्राएलातला मोठा संदेष्टा, देवाचा निरोप लोकांना सांगणारा. कर्मेल डोंगरावर बआल नावाच्या दुसऱ्या दैवताच्या 450 संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहिला. त्याच्या प्रार्थनेवर आकाशातून अग्नी उतरला, रखडलेला पाऊसही पडला. एवढं झाल्यावर ईजबेल राणीची एक धमकी आली, आणि हा जीव मुठीत धरून दूर बैर-शेबा गावापर्यंत पळाला. पुढे रानात एका झुडपाखाली बसून म्हणाला, आता पुरे झालं, माझा प्राण घे. आणि तिथंच झोपला.

लहानपणी मला वाटायचं, आता याला देवाची बोलणी बसणार. पण देवदूत त्याला उठवून एवढंच म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो, पितो, पुन्हा आडवा होतो. देवदूत पुन्हा येतो, पुन्हा खायला लावतो. पुढची वाट तुला झेपायची नाही, म्हणतो. अजून उपदेशाचा एक शब्द नाही.

हे मला नीट उमगलं ते नर्स म्हणून वॉर्डात काम करताना. नाईट ड्यूटीला एक म्हातारे विणकर आले होते. जन्म मागावर गेलेला, बोटांना सुताचे घट्टे. भिंतीकडे तोंड करून पडलेले. "मला जाऊ द्या" एवढंच म्हणायचे. मी नवी होते, समजावायला निघाले. आमच्या सीनियर सिस्टरांनी मला मागं सारलं. घरून आणलेल्या डब्यातली ज्वारीची भाकरी दुधात कुस्करली, डोकं उचलून धरलं आणि घास घास भरवला. मग दिवा बारीक करून त्यांना झोपू दिलं. काय झालं, का झालं, हे सकाळी विचारलं. त्या सिस्टर आयुष्यात कधी बायबल वाचायला बसल्या नसतील.

पुढचा भाग वहिनींसाठी. भाकरीच्या बळावर एलीया चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला पोचतो. तिथं देव विचारतो, तू इथं काय करतोस? तो गाऱ्हाणं मांडतो: मी तुझ्यासाठी एवढा झटलो, आता मी एकटाच उरलोय, माझ्याही जिवावर उठलेत. मग खडक फोडणारा वारा, भूकंप, अग्नी, आणि शेवटी एक अगदी मंद वाणी. पुन्हा तोच प्रश्न. आणि एलीयाचं उत्तर? तेच गाऱ्हाणं, अक्षरशः त्याच शब्दांत. प्रत्यक्ष देवाची वाणी ऐकूनही माणसाचा सूर बदलला नाही! मग माझं पाण्याच्या मोटरवरून बिघडलं तर नवल ते काय. तरीही देव त्याला नाकारत नाही. तू एकटा नाहीस, अजून सात हजार आहेत म्हणतो, आणि करायची कामं सांगून परत धाडतो. कृपा म्हणतात ती मला इथं दिसते.

कॅलेंडरवरच्या वचनांनी मात्र माझं समाधान होत नाही. 31 डिसेंबरच्या रात्री चर्चमधल्या उपासनेनंतर आम्ही बायबलच्या एकेका वचनाची कार्डं उचलतो. गोड वचन आलं की सगळे खूश. 'माझी कृपा तुला पुरे आहे' हे तर घरोघरी भिंतीवर असतं. पण येशूचा प्रेषित पौल, त्याला ते कधी ऐकू आलं? अंगातला काटा, म्हणजे त्याला छळणारं दुखणं, काढ म्हणून त्यानं तीनदा विनवणी केली तेव्हा. काटा निघाला नाही. मिळालं ते हे वाक्य. देवाची करुणा रोज सकाळी नवी होते हे वचनही असंच. ते बायबलमधल्या विलापगीत या पुस्तकातलं आहे, बाबेलच्या सैन्यानं यरुशलेम उद्ध्वस्त केल्यानंतरचं. त्याच पुस्तकात पोरं भाकर मागताहेत आणि द्यायला कुणी नाही. म्हणून मी अख्खा अध्याय वाचते. वंशावळ्या आल्या की भराभर पुढं जाते, ते सोडा.

"मग काय, काहीही करा, माफी आहेच," असं वहिनींचा मुलगा म्हणतो. बायबलमधल्या 'रोमकरांस पत्र' याच्या सहाव्या अध्यायात पौलानं हाच मुद्दा स्वतःच काढलाय आणि साफ झिडकारलाय. शिवाय एलीयाला भाकर मिळाली ती तिथंच लोळत पडायला नव्हे, चालायला.

वहिनी, वाचायचंच असेल तर पहिल्या राजांच्या पुस्तकातला 19 वा अध्याय काढा, पण आधी 18 वा वाचा. दोन्ही मिळून अर्ध्या तासाच्या आत होतात. माझी प्रत घेऊन जा, पेन्सिलीच्या खुणांकडे लक्ष देऊ नका.